लढाई अमेरिकेची, भाव मुंबईचा

वसंतातील ह्या व्याख्यानसत्रात इतिहासाचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे साहजिकच गडकोट उभे राहतात. आजच्या आमच्या विषयातही लढाया आहेत, तह आहेत, आणि पराभूत झालेले मोठमोठे लोकही आहेत. परंतु त्या लढाया आपल्या भूमीवर झालेल्या नाहीत, आणि ज्यांचा त्यांत पराभव झाला त्यांनी हाती कधी शस्त्र धरले नव्हते. आम्ही बोलणार आहो ते कापसाच्या गासड्यांविषयी, त्यांच्या भावांविषयी आणि त्या भावांवर विसंबून लिहिल्या गेलेल्या कर्जखतांविषयी.

परदेशी माल पाठविणाऱ्याचे नशीब दूरदेशीच्या राजकारणाशी बांधलेले असते, हे विधान कोणीही मान्य करील. परंतु ते नेमके कसे बांधलेले असते, गाठ कोठे बसते, आणि ती आवळली म्हणजे पहिला गळा कोणाचा सापडतो, हे पाहावयाचे तर एखादे उदाहरण मुळापासून तपासले पाहिजे. आम्ही त्यासाठी मुंबई बंदराची दोन उदाहरणे घेतली आहेत. पहिले १८६१ ते १८६५ ह्या काळातील कच्च्या कापसाचे. दुसरे त्यानंतरच्या पिढीतील, चीनला जाणाऱ्या गिरणीच्या सुताचे. पहिल्यात राजकारणाने व्यापाऱ्याला अकस्मात श्रीमंत केले आणि अकस्मात बुडविले. दुसऱ्यात त्याने हळूहळू, फारसा गाजावाजा न करता, बाजार हातचा काढून घेतला.

१८६० साली इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या गिरण्या जगाला कापड पुरवीत होत्या, आणि त्या गिरण्यांना कापूस पुरवीत होती अमेरिका. त्या एका वर्षात ब्रिटनने सुमारे १३९ कोटी रत्तल कापूस आणला. त्यांपैकी ११० कोटी रत्तलांहून अधिक एकट्या अमेरिकेतून आला होता. हिंदुस्थानचा वाटा होता सुमारे २० कोटी. हा वाटा लहान होता आणि त्याला मानही नव्हता. पश्चिम हिंदुस्थानातून जाणाऱ्या सगळ्या कापसाला लँकेशायरात 'सुरत' हे एकच नाव होते, आणि त्या नावाला प्रतिष्ठा नव्हती. आपल्या कापसाचा धागा आखूड. तेथील यंत्रे लांब धाग्याच्या अमेरिकन कापसासाठी जुळविलेली. त्यात सरकी, पाने, माती, क्वचित वजनासाठी मारलेले पाणीही असे. अमेरिकेचा कापूस महाग झाला म्हणजे लिव्हरपूलचा व्यापारी मुंबईकडे वळे. स्वस्त झाला म्हणजे पाठ फिरवी. थोडक्यात, हिंदुस्थानचा कापूस हा अडीअडचणीला उपयोगी पडणारा माल होता. पुढे जे घडले त्याचे बीज ह्या एका गोष्टीत आहे.

गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेची उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थाने एकमेकांविरुद्ध उभी राहिली. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट समटर ह्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, आणि त्याच महिन्यात अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. कापूस पिकत होता तो दक्षिणेत. दक्षिणेच्या पुढाऱ्यांचीही अशी समजूत होती की, कापूस अडकला म्हणजे इंग्लंड उपाशी मरेल आणि आपल्या बाजूने युद्धात उतरेल. म्हणून प्रारंभी त्यांनी स्वतःच माल रोखून धरला. इंग्लंड युद्धात उतरले नाही. लँकेशायरचे कामगार मात्र खरोखरीच उपाशी राहिले. १८६२ च्या अखेरीस तेथे लक्षावधी माणसे धर्मादायावर जगत होती.

आता गिरणीमालकांना सुरती कापसाचे दोष दिसेनासे झाले. १८६२ साली ब्रिटनमध्ये जेमतेम ५२ कोटी रत्तल कापूस आला. त्यांतील सुमारे ३९ कोटी रत्तल, म्हणजे बाराआण्यांचा वाटा, हिंदुस्थानचा होता. युद्धापूर्वी लिव्हरपुलात मध्यम प्रतीचा अमेरिकन कापूस रत्तलाला सुमारे सात पेन्स होता. १८६४ च्या उन्हाळ्यात तो तीस पेन्सांच्या वर गेला, आणि त्याच्या मागोमाग आपला कापूसही चढला. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हिंदुस्थानातून ब्रिटनला जाणाऱ्या मालाचे वजन ह्या चार वर्षांत अडीचपटीच्या आसपास वाढले. किंमत त्याहून कितीतरी अधिक वाढली. म्हणजे मुंबईला जो पैसा मिळाला त्याचा मोठा भाग अधिक पिकविल्याचा किंवा अधिक चांगले पिकविल्याचा नव्हता. तो केवळ चढलेल्या भावाचा होता, आणि तो भाव अमेरिकेतील नाकेबंदीच्या आरमाराने ठरविलेला होता.

वऱ्हाड, नागपूर, खानदेश, गुजरात, धारवाड येथला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. रेल्वे अजून अपुरी होती. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली व थळघाटाचा १८६५ च्या प्रारंभी खुला झाला. नागपूरला गाडी पोहोचली ती १८६७ साली, म्हणजे लढाई संपल्यावर. तोवर कित्येक कोसांचा प्रवास बैलगाड्यांनीच करावा लागे. कुलाब्याच्या कापूस बाजारात गासड्यांच्या राशी लागत. गाद्या-उशा उसवून त्यांतला जुना कापूसही बाजारात आला, असे त्या काळच्या वृत्तांतांत नमूद आहे. भेसळ इतकी बोकाळली की, १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. जो माल कसाही खपतो तो नीट करण्याची तसदी कोण घेणार? आमच्या मते त्या सुबत्तेतील पहिली चूक हीच. आपल्या मालाचे नाव सुधारण्याची अशी संधी पुन्हा येणे नव्हते, आणि तीच आपण ते नाव अधिक खराब करण्यात घालविली.

त्या पाच वर्षांत नेहमीच्या किंमतीपेक्षा मुंबईच्या पदरात जो जादा पैसा पडला त्याचा अंदाज तत्कालीन लेखकांनी सात-आठ कोटी पौंडांच्या घरात केला आहे. एवढा पैसा एका शहराला पचविता येणे शक्य नव्हते. पेढ्या, बँका, वित्तसंस्था, विमा कंपन्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या एकामागून एक निघाल्या. १८६५ च्या प्रारंभी मुंबईत ३१ बँका होत्या असे नमूद आहे. कंपनी काय करणार आहे हे न विचारता लोक तिचे भाग घेत. कारण घेतलेला भाग ठेवण्यासाठी नसून दुपारी विकण्यासाठी असे. ह्या सगळ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे दलाल होते. बॅकबे रेक्लमेशन कंपनी ही त्या काळच्या आकांक्षेची खूण. ह्या कंपन्यांचे भाग रोखीने तर घेतले जातच, परंतु वायद्यानेही घेतले जात, आणि मोठ्या वायद्यांची मुदत होती १ जुलै १८६५.

ह्या तारखेचा विचार करावा. मुंबईतील शेकडो घरांनी आपली प्रतिष्ठा एका गृहीतकावर पणाला लावली होती : १ जुलै १८६५ पर्यंत अमेरिकेत माणसे मरत राहतील. असे उघड कोणी म्हटले नसते. कित्येकांच्या मनातही ते आले नसेल. परंतु वायद्याचा अर्थ तोच होता. विलायतेची डाक सुवेझच्या जमिनीवरील टप्प्यावरून येई आणि तिला महिन्याच्या आसपास लागे. डाकेची आगबोट दिसली म्हणजे धक्क्यावर गर्दी होई. तहाची वावडी उठली म्हणजे भाव पडे, ती खोटी ठरली म्हणजे पुन्हा चढे. शांततेची बातमी ही अशुभ वार्ता मानणारा बाजार मुंबईत तयार झाला होता.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली यांनी ॲपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली. लिव्हरपूलचा भाव त्यापूर्वीच आदल्या उन्हाळ्याच्या निम्म्यावर आला होता. युद्ध संपल्याची बातमी मुंबईत येताच भागांना गिऱ्हाईक राहिले नाही, आणि १ जुलैला वायदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा देणेकरीही बुडाले व घेणेकरीही. पेढ्यांमागून पेढ्यांनी दिवाळे काढले. ज्या बाँबे बँकेत खुद्द सरकारचे भाग होते, तिनेही अशा भागांच्या तारणावर बेसुमार कर्जे दिली होती. १८६८ साली ती मोडीत निघून तिच्या जागी नवी बँक उभी करावी लागली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती. १८७२ च्या शिरगणतीत ती ६,४४,४०५ भरली. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे शहरातून कमी झाली. ही सर्वच सट्टेबाज नव्हती हे सांगावयास नको. गासड्या वाहणारे, गाड्या हाकणारे, भराव घालणारे, बांधकामावरचे गवंडी, असे जे लोक पैशाच्या ओढीने आले होते ते काम संपल्यावर निघून गेले.

ह्या प्रलयातून काय वाचले? भर तेजीत, १८६४ साली, प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला, आणि तो आजही उभा आहे. पैसा ज्या ज्या ठिकाणी दगड, रस्ता, शाळा, जमीन होऊन बसला तेथे तो राहिला. जो कागदावर राहिला तो गेला. शहराचा हिशेब एवढ्यावर संपतो. खेड्याचा हिशेब मात्र येथून पुढे सुरू होतो, आणि आमच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

भाव वाढले ते केवळ कापसाचे नव्हेत. वऱ्हाड-खानदेशात ज्वारीच्या रानात कापूस आला, देशात चांदी आली, धान्य महागले. घाटातील रेल्वेच्या कामांवर हजारो मजूर लागले व मजुरी वाढली. वऱ्हाडातील कुणब्याने गाडीच्या चाकांना चांदीची धाव बसविल्याच्या गोष्टी त्या वेळी सांगितल्या जात. त्यांत अतिशयोक्ती असेल, परंतु हाती पैसा खेळत होता हे खरे. हाती पैसा आहे असे दिसताच सावकाराने हात सैल सोडला. आणि नेमक्या ह्याच वेळी पुणे जिल्ह्यात तीस वर्षांच्या जुन्या जमाबंदीची मुदत संपली. १८६७ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी आकारणी सुरू झाली. अधिकाऱ्यांनी मागील काही वर्षांचे भाव पाहिले, ते चढे होते. रेल्वे आली होती. मग त्यांनी सारा मोठ्या प्रमाणात वाढविला, आणि तोही पुन्हा तीस वर्षांसाठी.

येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. अमेरिकेतील लढाई चार वर्षे चालली. तिने चढविलेला भाव तिच्याबरोबरच उतरला. परंतु त्या भावाकडे पाहून ठरविलेला सारा तीस वर्षांचा होता, आणि त्या भावाच्या भरवशावर दिलेले कर्ज पिढ्यान्‌पिढ्यांचे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू ऋणकोच्या हिताचा. परिणाम असा की, दर तीन वर्षांनी मुद्दल व व्याज मिळून नवे कर्जखत लिहून घेतले जाई आणि व्याजावर व्याज चढे. १८७० नंतर भाव खाली आले, तेव्हा एका बाजूने सरकारचा वाढीव सारा व दुसऱ्या बाजूने सावकाराचा तगादा ह्यांच्यामध्ये रयत सापडली. नव्या आकारणीविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने चौकशी करून आवाज उठविला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी दंगा झाला, आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. त्या दंग्यात माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्याकडे लोकांचा रोख होता. त्यांना सावकाराच्या घरातील कर्जखते हवी होती.

दंग्याचे एकमेव कारण कापूस होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्या गावांत दंगा झाला तेथे कापूस फारसा पिकतही नव्हता. कुळकायदे, न्यायालये, सावकारांचे वर्तन, पाऊस, अशी अनेक कारणे त्यात मिसळली होती, आणि इतिहासकारांत त्याविषयी मतभेद आहेत. परंतु नेमकी हीच गोष्ट आम्हांस विचार करावयास लावते. परदेशातील उलथापालथीचा फटका केवळ निर्यातदाराला बसून थांबत नाही. ज्याने एकही गासडी बंदरावर पाठविली नाही, ज्याला अमेरिका कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नाही, अशा माणसापर्यंत तो मजुरीच्या, धान्याच्या, साऱ्याच्या व व्याजाच्या मार्गाने पोहोचतो. मुंबईचा दिवाळखोर सेठ काही वर्षांत पुन्हा उभा राहिला. सुप्याचा कुणबी १८७९ च्या शेतकरी-संरक्षणाच्या कायद्याची वाट पाहत बसला.

हीच गोष्ट एका साऱ्या राज्याच्या बाबतीतही घडली. मिसर देशाचा कापूस धाग्याने आपल्यापेक्षा सरस, त्यामुळे त्या चार वर्षांत त्याचीही चंगळ झाली. १८६३ साली गादीवर आलेल्या इस्माईलने त्या उत्पन्नावर युरोपातून कर्जे काढली. कापूस उतरला, कर्जे उतरली नाहीत. १८७५ साली सुवेझ कालव्याचे भाग ब्रिटनला विकावे लागले, १८७६ साली देणी थकली, आणि १८८२ साली ब्रिटिश फौज मिसरात उतरली. क्षणिक भावावर कायमचे देणे करू नये, हा धडा कुणब्याला आणि राजाला सारखाच लागू आहे.

आता दुसऱ्या उदाहरणाकडे वळू. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी पहिली सूतगिरणी १८५४ साली स्थापन केली होती. तेजीच्या काळात गिरण्यांची वाढ खुंटली, कारण कच्चा कापूस परदेशी पाठविण्यातच अधिक नफा होता. बाजार कोसळल्यावर कापूस स्वस्त झाला, आणि हुशार माणसांच्या ध्यानात आले की, कापूस विकण्यापेक्षा सूत विकावे. जमशेटजी टाटांची पेढीही त्या पडझडीत सापडली होती. १८६८ च्या अबिसीनियावरील मोहिमेला रसद पुरविण्याच्या मक्त्याने ती सावरली, म्हणजे एका परकी युद्धाने बुडविले व दुसऱ्याने तारले! परंतु जमशेटजींचे मोठेपण पुढे दिसले. त्यांनी तो पैसा गिरण्यांत घातला, आणि १ जानेवारी १८७७ रोजी, ऐन कापसाच्या मुलुखात, नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली.

ह्या गिरण्यांचे जाड सूत चीनमध्ये जाऊ लागले. तेथील हातमागवाले ते ताण्याला वापरीत. पुढील वीस-पंचवीस वर्षे मुंबईच्या गिरण्यांची भरभराट मुख्यत्वे चीनच्या बाजारावर चालली. एकच माल आणि एकच मोठे गिऱ्हाईक, अशी ती स्थिती होती.

ह्या बाजाराला तडे कसे गेले ते पाहण्यासारखे आहे. पहिला तडा नाण्याचा. चीनमध्ये चांदी चाले. आपला रुपयाही चांदीचाच. त्यामुळे हिशेब सरळ होता. जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. रुपयाची किंमत चांदीपासून तुटली, आणि चिनी गिऱ्हाइकाला आपले सूत महाग पडू लागले. हा निर्णय घेताना सरकारच्या डोळ्यांपुढे विलायतेस पाठवावयाच्या रकमेची अडचण होती. सूतवाल्यांची अडचण नंतरची.

दुसरा तडा तहाचा. १८९४-९५ साली जपान व चीन यांचे युद्ध झाले. १७ एप्रिल १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहाने परकीयांना चीनच्या खुल्या बंदरांत कारखाने काढण्याचा हक्क मिळाला, आणि शांघायला गिरण्या उभ्या राहिल्या. जपानी सरकारने १८९४ साली सुताच्या निर्यातीवरील व १८९६ साली कच्च्या कापसाच्या आयातीवरील जकात काढून टाकली. १८९७ साली जपानची सुताची निर्यात त्याच्या आयातीहून अधिक झाली. आणि जपानच्या गिरण्यांत कापूस होता कोठला? पुष्कळसा आपलाच. १८९३ साली मुंबई-जपान अशी आगबोटींची नवी वाट सुरू झाली होती, तिला टाटांनीच हातभार लावला होता, आणि तिने कापूस स्वस्तात कोबेला पोहोचत होता. त्यामुळे मुंबईत एक चमत्कारिक दृश्य दिसू लागले. एकाच रस्त्यावरील कापसाचा निर्यातदार जपानच्या उदयाने सुखावला, आणि सुताचा निर्यातदार त्याच उदयाने चिंतेत पडला. परदेशातील राजकारण 'आपल्या व्यापाराला' अनुकूल की प्रतिकूल, असा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. आपल्यातील कोणाच्या व्यापाराला, असे विचारले पाहिजे.

तिसरा तडा बंडाचा. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. १८९९-१९०० साली भयंकर दुष्काळ पडला. आणि १९०० च्या उन्हाळ्यात चीनमध्ये बॉक्सरांचा उठाव होऊन उत्तरेकडील बाजार बंद पडला. गोदामांत सूत साचले. गिरण्यांनी चात्या थांबविल्या, दिवस कमी केले. गिरणगावात काम करणारा माणूस बहुतांशी रत्नागिरी जिल्ह्याचा, नाहीतर घाटावरचा. चात्या थांबल्या म्हणजे कोकणातील घरी येणारी मनीऑर्डर थांबे. पेकिंगच्या वकिलातींना पडलेल्या वेढ्याची झळ अशा रीतीने एखाद्या खाडीकाठच्या चुलीपर्यंत येऊन पोहोचली.

चीनचा बाजार लगेच गेला नाही. १९०५ च्या सुमारास एक चांगला काळही आला. परंतु पहिल्या महायुद्धानंतर तो जवळजवळ हातचा गेला. मुंबईच्या गिरण्या त्यामुळे सर्वस्वी बुडाल्या नाहीत, ह्याचे श्रेय आम्ही दोन गोष्टींना देतो. अनेक मालकांनी वेळीच मागांची संख्या वाढवून सुताऐवजी कापड विणावयास घेतले. आणि १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीने त्या कापडाला घरचे गिऱ्हाईक दिले. परक्या राजकारणाने काढून घेतलेली जागा काही अंशी आपल्या राजकारणाने भरून काढली.

ह्या दोन कहाण्यांतून आम्हांला जे दिसते ते थोडक्यात असे. परदेशातील युद्धाने मिळालेला भाव हा भाड्याच्या घरासारखा असतो. मालक परत आला की जागा सोडावी लागते. अमेरिका परत येताच लिव्हरपुलाने तिला दार उघडून दिले. तरीही आपला कापूस सर्वस्वी पडून राहिला नाही. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाल्यावर ऑस्ट्रिया, इटली, जर्मनी येथल्या गिरण्यांनी तो घेतला, कारण आखूड धाग्याला जुळेल अशी यंत्रे त्यांनी बसविली होती. जो बाजार आपल्या मालाच्या गुणावर मिळाला तो टिकला.

दुसरे असे की, युद्धाची बातमी सर्वांना ऐकू येते. तहातील कलम, जकातीचा ठराव, नाण्याचा कायदा ह्यांची वार्ता व्यापाऱ्याच्या कानी पडते, पण मनावर घेतली जात नाही. मुंबईच्या सूतवाल्याला बॉक्सरांचा उठाव दिसला. त्याचा बाजार खऱ्या अर्थाने पोखरला तो त्यापूर्वीच्या पाच-सात वर्षांतील कागदांनी.

तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. नफा वाटला जातो तो बंदराकडून खेड्याकडे, आणि वाटेत आटत जातो. तोटा मात्र खेड्यापर्यंत पोहोचता पोहोचता फुगतो. ज्याच्या हाती बातमी सर्वांत उशिरा येते आणि ज्याच्यापाशी थांबण्याचे बळ सर्वांत कमी, त्याच्याच दारात शेवटचे देणे येऊन उभे राहते.

काळ बदलला, डाकेची आगबोट गेली, भाव क्षणात कळू लागला. पण ही रचना पालटली आहे काय? नोव्हेंबर १९२३ मध्ये नव्हे, २०२३ मध्ये, येमेनच्या हौथींनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, आणि महिन्याभरात मोठमोठ्या जहाज कंपन्यांनी सुवेझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्याच सुमारास नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम तोंडावर होता. रॉटरडॅमला जाणाऱ्या पेट्यांचा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला, भाडे चढले. कापूस थांबू शकतो. द्राक्ष थांबत नाही. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराने फवारणी चुकविली नव्हती, छाटणी चुकविली नव्हती, पेटीही नीट भरली होती. त्याच्या मालाचे भवितव्य ठरत होते ते अशा एका सामुद्रधुनीत, जिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

म्हणून निर्यात करू नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाशिवाय मुंबई मुंबई झाली नसती. आमचे सांगणे एवढेच की, तेजीच्या वर्षी सारा ठरविताना, कर्ज देताना, नवी बाग लावताना, हा भाव कोणाच्या लढाईने आलेला आहे हे विचारावे; आणि मंदीच्या वर्षी बंदरावरच्या पेढीआधी बांधावरच्या माणसाकडे पाहावे. सुप्याच्या लोकांनी १८७५ साली कागद जाळले, तेव्हा त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते की, त्या कागदांवरचे आकडे अंशतः दूर अमेरिकेत लिहिले गेले होते. त्यांच्या पणतवंडांना ते ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा इतिहास.